नंदाची अर्धी गोष्ट

नंदा गेल्याचं कळलं ते एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. मी साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चढवत बसले होते. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावरही आठवड्यातले दोन दिवस हे काम मी ठेवलं आहे. हाताला खळ लागली होती, म्हणून पहिल्यांदा फोन वाजला तो मी वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पदराला बोटं पुसून उचलला. पलूसहून नंदाचे यजमान बोलत होते, त्यांना मी भाऊजी म्हणते. "सुधाताई, नंदा गेली," ते म्हणाले. "दवाखान्यातच. एका लहान मुलीचा ताप बघत होती. थर्मामीटर हातात होता... खुर्चीतच मान टाकली." मी त्यावर काय विचारलं ते आठवत नाही. भाऊजींचं पुढचं वाक्य मात्र आठवतं. "त्या मुलीला लगेच दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं," ते म्हणाले. नंदाने पहिल्यांदा जे विचारलं असतं, त्याचं उत्तर ते आधी देऊन टाकत होते.

त्याला आता सात आठवडे झाले. लिहायला बसले आणि तशीच उठले, असं या दिवसांत अनेकदा झालं. नंदा माझी मामेबहीण, माझ्याहून एका वर्षाने मोठी. पलूसमध्ये तिने तीसहून अधिक वर्षं दवाखाना चालवला. तिच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं त्या तालुक्यात गावोगाव सापडतील, माझ्या शब्दांनी त्यात फारशी भर पडायची नाही. मी लिहिते आहे ते दुसऱ्या कारणासाठी. एक गोष्ट तिला सांगायची माझ्याकडून राहिली. माझा तुझ्यावर राग नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि पाच वर्षं मी ते पुढे ढकलत आले. हा राग कशाचा, हे कळायला कावीळ या आजाराबद्दल थोडं सांगावं लागेल. तो आमच्या दोघींच्या आयुष्यात दोनदा आला आणि दोन्ही वेळा वेगळा होऊन आला.

पहिल्यांदा आला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि नंदा नऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाईला मामाकडे जायची. मामा शाळेत शिक्षक, घाटाजवळ भाड्याच्या दोन खोल्या. आम्ही दिवसभर कृष्णेच्या पाण्यात डुंबायचो आणि तहान लागली की तिथलंच पाणी ओंजळीने प्यायचो. थोडं वरच्या अंगाला कुणी गोधड्या धूत असायचं, गुरं पाण्यात उतरलेली असायची, तिकडे आमचं लक्ष नसे. एका सकाळी मामीने माझ्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली, मग नंदाची पाहिली आणि म्हणाली, "झालं. दोघी हळदीत पडल्यात." त्या उन्हाळ्यात आळीतल्या अर्ध्याअधिक मुलांना कावीळ झाली होती. कुणी फारशी चिंता केली नाही. गोवर, कांजिण्या, तशीच कावीळ, लहानपणी येऊन जायची गोष्ट. दोन दिवस मळमळलं, आठ-दहा दिवस अळणी भात आणि उसाचा रस मिळाला, बाकीची सुट्टी लोळण्यात गेली.

मामी आम्हाला वाईजवळच्या एका गावी घेऊन गेली. तिथे एक म्हातारे काविळीची माळ द्यायचे. कसल्याशा मुळीचे ओले तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफलेले असत, आणि ती माळ डोक्यावर टोपीसारखी बसवायची. कावीळ जशी उतरेल तशी माळ वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून बेंबीपर्यंत लोंबते, मग माणूस बरा झाला असं समजून ती नदीत सोडायची. माझी माळ रोज वाढत होती आणि तेवढ्यानेच मला बरं वाटत होतं. नंदाने मात्र दप्तरातून फूटपट्टी काढली आणि दोन्ही माळा ती रोज मोजू लागली. चौथ्या दिवशी, मामी धुणं घेऊन घाटावर गेल्यावर, तिने स्वतःची माळ उतरवून भिंतीतल्या खुंटीला अडकवली. मामीची चाहूल लागली की माळ डोक्यावर, मामी बाहेर पडली की खुंटीवर. असं पाच-सहा दिवस चाललं. मग एका दुपारी तिने मला कोपऱ्यात ओढलं. "सुधे, माझी पण तुझ्याएवढीच वाढलीय." मला त्यात काय विशेष ते कळेना. "अगं, दिवसभर खुंटीवर होती ती. मग खुंटीला पण कावीळ झाली होती का?" आम्ही दोघी तोंडावर परकर दाबून हसत बसलो. हे गुपित आम्ही मामीला कधीच सांगितलं नाही.

मिरजेला वैद्यक शिकताना तिने मला त्याचा उलगडा केला होता. मुळीचे तुकडे वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. लहान मुलाची ही कावीळ बहुतेक वेळा तेवढ्याच दिवसांत आपसूक उतरते. "दोघं आपापल्या वाटेने चाललेत," ती म्हणाली, "आपण मधे पडून त्यांचं लग्न लावून दिलंय." तिचं बोलणं असं असायचं. लग्न होऊन पलूसला गेल्यावर त्यात तिथली भाषाही मिसळली. मी कधी दवाखान्यात जाऊन बसले की मला वाटे, घरात माझ्याशी बोलणारी नंदा वेगळी आणि पेशंटशी बोलणारी वेगळी.

सुरुवातीच्या वर्षांत तिच्याकडे काविळीची जी मुलं येत ती चार, सहा, आठ वर्षांची असत. पिवळ्या डोळ्यांनी बाकाखाली लपंडाव खेळत, आया त्यांच्यामागे धावत. पुढे हळूहळू ही मुलं मोठी होत गेली, म्हणजे तेच आजारपण मोठ्या वयाच्या मुलांना होऊ लागलं. आधी दहावी-बारावीची, मग कॉलेजची, मग पुण्याबंगळूरला नोकरीला गेलेली आणि सुट्टी काढून घरी आलेली. आणि ही मोठी मुलं बाकाखाली खेळत नव्हती, दोघांच्या आधाराने आत येत होती. एकदा माझ्यासमोरच एक वयस्कर शेतकरी आपल्या इंजिनिअर नातवाला घेऊन आले. चांगल्या उसाच्या जमिनीचे मालक, घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र. त्यांना ते पटतच नव्हतं.

"आवं बाई, आमी हिरीचं पाणी पिऊन म्हातारं झालो. आन् ह्यो फिल्टरचं पाणी पिऊन आडवा झालाय व्हय?"

"म्हणूनच आडवा झालाय, आबा," नंदा म्हणाली. "तुमची परीक्षा पहिलीतच झाली, तुमी कवाच पास. ह्याचा पेपर आत्ता निघालाय, पंधरावीला."

"मग काय, फिल्टर फोडून टाकू?"

"फोडू नका. धाकट्या नातवाला घेऊन या, काविळीच्या लशीची सुई देते."

म्हातारे हसले, पण नंदा हसली नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, "हे सगळे जुन्या पाण्याचं कौतुक करतात. त्या पाण्याने जी पोरं गेली, ती कौतुक करायला नाहीत ना." तिचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा असताना जुलाबांनी गेला होता. ती सहसा त्याचा उल्लेख करत नसे. मग तिने मला समजावून सांगितलं. घर स्वच्छ झालं, पण शहर झालं नाही. मूल घरात, शाळेत जपलेलं पाणी पितं, त्याच्या अंगात त्या आजाराची ओळखच राहत नाही. मग विशी-पंचविशीत ते शहरात जातं, टँकरचं पाणी, गाड्यावरची चटणी, जिथे नळाच्या आणि गटाराच्या वाहिन्या शेजारून जातात असा रस्ता. आणि त्या वयात यकृताला हा आजार सोसवेलच असं नसतं. तिचे वर्गमित्र देशभर पांगलेले होते, त्यांच्याशी ती फोनवर बोलायची. कुठल्या शहरात अजून लहान मुलंच आजारी पडत होती, कुठे नुकतं लग्न झालेली माणसं, तर कुठे एकाच शहरात ओढ्याकाठच्या वस्तीत चार वर्षांची आणि समोरच्या उंच इमारतीत पंचवीस वर्षांची. हे सगळं ती मला चहा पिताना सांगायची आणि मी एखाद्या चांगल्या पुस्तकातलं प्रकरण ऐकावं तसं ऐकायची. माझी मुक्ता तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यास करत असायची. आम्हा दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही, की हे त्या खोलीतल्या मुलीबद्दलच चाललं आहे.

मुक्ता, माझी एकुलती एक मुलगी, पंचवीस वर्षांची असताना पुण्याहून ताप आणि उलट्या घेऊन साताऱ्याला आली. तिचे वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरी आम्ही दोघीच. डोळे पिवळे झाले, रक्त तपासलं, इथल्या डॉक्टरांनी कावीळ म्हणून सांगितलं. विश्रांती द्या, पाणी द्या, याला वेगळं औषध नाही, खूप झोपायला लागली किंवा असंबद्ध बोलली तर लगेच या. त्यातलं "औषध नाही" एवढंच माझ्या कानात राहिलं. आई होऊन नुसतं बघत बसणं फार कठीण असतं. शेजारच्या काकूंनी माळ देणाऱ्याचं नाव सांगितलं आणि मी, खुंटीची गोष्ट आयुष्यभर ठाऊक असलेली बाई, रिक्षा करून जाऊन माळ घेऊन आले. अपाय तर नाही ना, असं मनाशी म्हणत होते. अपाय माळेत नव्हताच. अपाय असा झाला, की मी मुलीकडे बघायचं सोडून माळेकडे बघू लागले. माळ वाढत होती. म्हणून मुक्ता दिवसभर झोपून राहायची ते मला बरं होण्याचं लक्षण वाटलं. नंदाला मी कळवलं नाही, कारण ती खुंटीची आठवण काढेल याची मला लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला, दुसऱ्या कशासाठी तरी. मी बोलता बोलता म्हणाले, "मुक्ताला कावीळ झालीय गं, आपल्याला झाली होती तशी." मग तिने विचारलं, "झोपते किती?" "बराच वेळ." "तिला फोन दे." मी मुक्ताला हलवून उठवलं. ती फोनवर नंदाला "बाई, गृहपाठ राहिला," असं काहीतरी म्हणाली. नंदा दोन तासांत पलूसहून साताऱ्याला आली. आत येऊन तिने मुक्ताच्या गळ्यातली माळ पाहिली, नंतर माझ्याकडे पाहिलं. मुक्ताला दोन्ही हात समोर धरायला सांगितले. हात पंजापासून थरथरत खाली पडत होते. कागदावर नाव लिहायला सांगितलं. मुक्ताने 'मु' लिहिला आणि पेन तसंच धरून बसली. "ऊठ, सुधे, कपडे राहू देत," नंदा म्हणाली. तिने गाडी मिरजेकडे काढली. तिथे तिचे शिक्षक होते, तिची माणसं होती. गाडीत मुक्ताचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कराडच्या पुढे कुठेतरी मी ती माळ दातांनी तोडली आणि खिडकीतून टाकून दिली.

मिरजेत तिसऱ्या दिवशी आम्हाला सांगण्यात आलं, की सुधारणा झाली नाही तर पुण्याला हलवून यकृत बदलण्याचा विचार करावा लागेल, आणि तेवढा वेळ मिळेलच असं नाही. दुपारची वेळ. रुग्णालयाच्या आवारातल्या लिंबाखाली आम्ही दोघी बसलो होतो. नंदाने चप्पल काढून ठेवली होती आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "मी पलूसमध्ये पोराबाळांना धरून धरून सुई देते," ती म्हणाली. "तुला कधी म्हटलं नाही, की मुक्ताला दे. मनातच आलं नाही गं. तुझ्या घरी यायची ती मी चहा प्यायला यायची... तिथे मी डॉक्टर नसायची." ती माझ्याकडे बघत होती. मी काही तरी बोलावं म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं. चूक तर माझीही होती, कदाचित मोठी. तरी त्या क्षणी मला तिचा राग आला. सगळं ठाऊक असलेलं माणूस माझ्या घरात बसून बिस्किटं खात होतं, असं माझ्या मनात आलं. मी बाटली उचलली आणि पाणी भरायला निघून गेले. परत आले तेव्हा ती आत गेली होती.

मुक्ता वाचली. पाचव्या दिवशी रक्ताचे आकडे उतरू लागले, एका सकाळी तिने डोळे उघडून "आई, भूक लागलीय," म्हटलं, आणि पंधरा दिवसांनी नंदानेच आम्हाला साताऱ्याला आणून सोडलं. राग तर महिन्याभरातच गेला. पण तो गेल्याचं सांगायचं म्हणजे तो होता हे आधी कबूल करायला हवं होतं, आणि ते माझ्याच्याने झालं नाही. दर रविवारी आमचा फोन व्हायचा. पुस्तकं, सांधेदुखी, भाऊजींचं पथ्य. त्या लिंबाखालच्या दुपारबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही.

नंदा मात्र नंतर कॉलेजांमधून, वसतिगृहांमधून बोलायला जाऊ लागली. तिला भाषण येत नव्हतं. एकदा सांगलीला मी तिच्याबरोबर गेले होते. सभागृहात मुलं आपापल्या फोनमध्ये गुंतलेली. तिने सुरुवातीलाच विचारलं, "लहानपणी कावीळ झालेल्यांनी हात वर करा." एवढ्या मोठ्या सभागृहात एकाही विद्यार्थ्याचा हात वर झाला नाही. मंचावरचे प्राचार्य, दाराजवळ उभे असलेले शिपाईकाका, कोपऱ्यातल्या दोन प्राध्यापिका आणि मी, एवढ्यांचे हात वर होते. "बघा," नंदा म्हणाली, "म्हातारी माणसं लहानपणीच अंगात राखण बसवून आलीत. राखण नाही ती तुमच्याकडं." मुलं हसली, आणि मग पहिल्यांदाच तिचं ऐकू लागली.

मुक्ताचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. तिचं नाव ईरा. ईरा वर्षाची झाली त्या आठवड्यात नंदा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन साताऱ्याला आली आणि तिने स्वतः तिला पहिली सुई दिली. दुसरी सहा महिन्यांनी द्यायची होती. ते सहा महिने नंदा गेल्यानंतर पंधरा दिवसांनी भरले. साताऱ्यात कुठेही देता आली असती, पण मुक्ता म्हणाली, "पलूसलाच जाऊ." गेल्या आठवड्यात आम्ही गेलो. दवाखान्यात आता दुपारी एक तरुण डॉक्टर येतात. सुया द्यायचं काम संगीता बघते, नंदाने दोन वर्षांपूर्वी ठेवलेली परिचारिका. भाऊजींनी तिला "घरचीच माणसं आहेत," एवढंच सांगून ठेवलं होतं.

नंदाची खुर्ची भिंतीला सरकवून ठेवली होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. संगीताने ईराची मांडी पुसली, सुई भरली, आणि मग हात थांबवून मुक्ताला म्हणाली, "बाईंचा एक नेम हुता. सुई द्यायच्या आदी पोराच्या आईला सांगायच्या, माझ्या बहिणीच्या पोरीला ही सुई द्यायची मी इसरले. तिच्या घरी जाऊन च्या पिऊन यायची, पर सुईचं कवा बोलले न्हाई. तवा तुमच्या पोराला मी इसरणार न्हाई, तुमी बी दुसरी सुई इसरू नका. आता बाई न्हाईत, तर मी सांगती. न सांगता सुई दिली तर काम अर्धं ऱ्हायल्यागत वाटतं."

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायची का ती?"

"न्हाई. तितंच थांबायच्या. आमी बी कवा इचारलं न्हाई. गेली आसंल, दुसरं काय. बायका डोळं पुसायच्या."

"ती मीच," मुक्ता म्हणाली.

संगीताने तिच्याकडे बघितलं. मग ईराकडे बघितलं, परत मुक्ताकडे. "तुमी व्हय," ती हळू आवाजात म्हणाली. "आन् आमी तुमाला दोन वरसं रडतोय." मग तिने सुई दिली, ईरा रडली, मुक्ताने तिला खांद्यावर घेतलं. नंदाने गोष्ट तिथेच का तोडली असेल, ते मी त्या खुर्चीकडे बघत समजून घ्यायचा प्रयत्न करत होते. पुढचा भाग सांगायचा तर बहिणीचा राग गेला की नाही हेही सांगावं लागलं असतं, आणि ते मी तिला कधी कळू दिलं नव्हतं.

"संगीता," मी म्हणाले, "यापुढे सांगशील तेव्हा पुढचंही सांग. ती पोरगी बरी झाली. तिला वाचवायला बाईच धावत साताऱ्याला आल्या. आणि त्या पोरीच्या आईचा बाईंवर राग नाही."

"कवाच नव्हता?"

"होता. थोडे दिवस होता."

"मग राग गेल्यावर सांगितलं न्हाई व्हय त्यास्नी?"

"राहिलं."

तिने मान हलवली. "ऱ्हातंय," म्हणाली, आणि कापसाचा बोळा टाकून हात धुवायला वळली.

सुई दिल्यावर थोडा वेळ बाहेर थांबायचं असतं. आम्ही पडद्याबाहेरच्या बाकावर बसलो. ईरा मुक्ताच्या खांद्यावर मुसमुसत होती. हिरव्या लुगड्यातली एक बाई आपल्या लेकीला घेऊन आत गेली. थोड्या वेळाने पडद्याआडून संगीताचा आवाज ऐकू आला, तेच शब्द, त्याच क्रमाने. बहिणीची पोरगी, च्या, इसरले. मग ती थांबली, जिथे नंदा थांबत असे तिथे. मी बाकाची कड धरून बसले होते.

"बरी झाली ती," संगीता म्हणाली. "बाईंनीच नेली तिला मिरजेला. आईचा बी राग न्हाई आता. भाईर बाकावर बसल्यात दोगी, जाताना बघा."

आतून पोरीच्या रडण्याचा आवाज आला. ती बाई बाहेर आली तेव्हा पडदा धरून उभी राहिली आणि आमच्याकडे बघत राहिली. मुक्ताने बाकावर थोडं सरकून तिला जागा करून दिली.